एकच रकाना बदलला

आज माझ्या विद्यार्थिनीने एक मॉडेल तपासायला घेतलं, म्हणजे कर्जाच्या जुन्या अर्जांवर शिकवलेला, नवा अर्ज मंजूर की नामंजूर हे सांगणारा प्रोग्राम. वय, पगार, आधीची कर्जं, सगळं तसंच ठेवलं. फक्त 'पुरुष'च्या जागी 'स्त्री' केलं. 'मंजूर'चं 'नामंजूर' झालं! ती बराच वेळ बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या आईचा अर्जही असाच परत आला होता."

२० वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये संशोधन करतेय. माझ्या सुरुवातीच्या काळात बग म्हणजे प्रोग्राम बंद पडणं, बेरीज चुकणं. इथे काहीच बंद पडलं नव्हतं, म्हणूनच ही चूक जास्त छळते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधिकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणारी तीन सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. नुसती सरासरी पाहिली असती तर हे कुणाला दिसलंच नसतं.

आणि लिंगाचा रकाना काढून टाकूनही भागत नाही, बाकीच्या माहितीतून तेच पुन्हा डोकावतं. संध्याकाळी दोघींनी फळ्यासमोर उभं राहून नव्या चाचण्या लिहिल्या. पहिली तिने सुचवली: बाळंतपणामुळे नोकरीत पडलेला खंड.