सोडून द्यावंसं वाटत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पाठीवर सॅक टाकून आठवडेच्या आठवडे चालतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: ‘मध्येच सोडून द्यावंसं वाटत नाही का?’ वाटतं की. जवळजवळ रोज वाटतं. समोरच्याला जिद्दीची गोष्ट ऐकायची असते आणि तिथेच माझी पंचाईत होते, कारण पहिल्या आठवड्यात जिद्द सगळ्यांकडेच असते. पुढे कामाला येते ती वेळेवर थांबायची सवय.

पायाच्या फोडाचंच घ्या. तो अचानक येत नाही. आधी टाचेवर किंवा करंगळीच्या कडेला नुसतं चुरचुरतं. मोजा घामाने ओला, कातडी मऊ झालेली, आणि दर पावलाला आतली हाडं सरकतात पण वरची कातडी मोज्याला चिकटून राहते. या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. चुरचुरायला लागल्याबरोबर थांबायचं, बूट काढायचा, पाय पुसून कोरडा करायचा, टेप लावायची, मोजे बदलायचे. पाच मिनिटांचं काम. पण सोबतचे पुढे जात असतात, थांबायची लाज वाटते, आणि ‘पुढच्या मुक्कामाला बघू’ म्हणत माणूस चालत राहतो. मुक्कामाला बघतो तेव्हा टाच सोललेली असते. खाण्यापिण्याचंही तेच. भूक लागायच्या आधी खायचं, दम संपायच्या आधी टेकायचं.

अमेरिकेतली अपलाचियन ट्रेल ही डोंगरातली पायवाट साधारण साडेतीन हजार किलोमीटरची आहे. ती एका दमात पुरी करायला निघालेल्यांपैकी साधारण चौघांतला एकच शेवटाला पोचतो. एमा गेटवूड ही अकरा मुलांची आई 1954 साली उत्तरेकडच्या टोकापासून निघाली. वाट चुकली, चष्मा फुटला, वनरक्षकांनी तिला घरी जायला सांगितलं. ती गेलीही. पुढच्या वर्षी, वयाच्या 67 व्या वर्षी, घरी शिवलेली पिशवी खांद्याला अडकवून आणि साधे कापडी बूट घालून ती दक्षिणेच्या टोकापासून निघाली आणि वाट पुरी केली. एका हंगामात ही सगळी वाट एकटीने चालणारी ती पहिली बाई. लोक तिची जिद्द सांगतात. मला मात्र तिचं मुकाट्याने घरी जाणं आवडतं, आणि टोक बदलणंही. तिच्या मनात काहीही असो, त्यामुळे उत्तरेकडचा अवघड भाग शेवटी आला आणि तोवर पाय तयार झाले होते.

माझा स्वतःचा एकच नियम आहे: सोडायचा निर्णय संध्याकाळी घ्यायचा नाही. दिवसभर भिजलेला, उपाशी माणूस स्वतःविरुद्ध फार उत्तम वकिली करतो. त्याचा प्रत्येक मुद्दा पटतो. त्याचं ऐकून घ्यायचं, गरम काहीतरी खायचं, कोरडे कपडे घालून झोपायचं. सकाळी पोट भरल्यावरही तेच वाटत असेल तर खुशाल परत फिरायचं. फिरलोय मी तसा, आणि त्याचं वाईट वाटलेलं नाही. (दुखावलेला गुडघा या नियमात बसत नाही. त्यासाठी सकाळची वाट बघत बसू नका.)

घरी याचा उपयोग होतो का, हेही विचारता. चढावर ‘अजून किती?’ म्हणायची सवय गेलीय, असं म्हणालो तर घरचे हसतील. पण कोणावर भडकून लिहिलेला लांबलचक मेल मी आता रात्री पाठवत नाही. जेवून झोपतो, सकाळी पुन्हा वाचतो. त्यातले बरेचसे मग पाठवायचेच राहून जातात. काही मात्र जसेच्या तसे पाठवतो.