आमची वाटचाल : लाल त्रिकोण आणि गोलातला 'ई'

ट्रेलरच्या मागे जो लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर असतो, तो आम्ही बनवतो. दिवे नाहीत, वायरिंग नाही, फक्त रिफ्लेक्टर. "एवढ्याशा प्लॅस्टिकमध्ये काय विशेष?" असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना आम्ही आधी टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवतो त्या खोलीत, नेतो.

तिथे षटकोनी पोलादी पिना आहेत. प्रत्येकीच्या टोकाला एकमेकांशी काटकोनात बसणारे तीन पैलू, लॅपिंग करून तोंड दिसेल इतके चकचकीत केलेले. अशा पिनांचा गठ्ठा चौकटीत आवळायचा, त्यावर निकेलचा जाड थर चढवायचा आणि तो अलगद सोडवला की डायमध्ये, म्हणजे साच्यात, बसवायचा तुकडा तयार. काटकोन किंचित जरी ढळला तरी प्रकाश आल्या वाटेने परत जात नाही, भलतीकडे फाकतो. टूलरूमचे काका आमचे पहिले भागीदार. पिना ते स्वतः घासत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. अ‍ॅक्रिलिकचा दाणा हॉपर ड्रायरमध्ये पुरता वाळल्याशिवाय साच्यात एकही शॉट मारायचा नाही, हा दंडकही त्यांचाच. ओलसर दाण्याने चंदेरी रेघा उठतात आणि रेघ दिसली की नग रिजेक्ट.

देशातला धंदा नीट चालत होता. कस लागला तो निर्यातीत.

गाड्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या नियमांबद्दल १९५८ चा जिनिव्हा करार आहे. त्याची रीत सरळ आहे. एका सदस्य देशाने सुट्या भागाला मंजुरी दिली की तोच नियम लागू करणारे बाकीचे सदस्य ती मानतात, पुन्हा चाचणी मागत नाहीत. मंजूर भागावर गोलातला 'ई' उमटवतात. त्यापुढचा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा : ४ म्हणजे नेदरलँड्स, ४७ म्हणजे दक्षिण आफ्रिका. भारत या करारात नाही, तो २००६ मध्ये १९९८ च्या दुसऱ्या करारात गेला. त्यात देश एकत्र बसून जागतिक नियम लिहितात, पण एकमेकांची मंजुरी मानायचं बंधन कुणावर नाही. म्हणून निर्यातीसाठी आम्ही युरोपातून मंजुरी घेतली. तिच्या चाचण्या अशा : ६५ अंशांच्या कोरड्या भट्टीत सलग ४८ तास, मग ५० अंशांच्या पाण्यात बुडवणं आणि लगेच २५ अंशांच्या. शिवाय २० मिनिटांच्या, म्हणजे एक तृतीयांश अंशाच्या, कोनात पडलेल्या दर लक्स प्रकाशामागे किमान ४५० मिलिकँडेला परत यायला हवेत. हा २० मिनिटांचा कोन कागदी नाही. साधारण १०० मीटरवर मोटारीचा हेडलाइट आणि चालकाचा डोळा यांच्यात एवढाच कोन उरतो. तिथून ट्रेलर दिसला नाही तर पुढे ब्रेक मारून उपयोग नसतो.

पूर्व आफ्रिकेतल्या एका ट्रेलरवाल्याने आम्हाला पहिली परदेशी ऑर्डर दिली. ते नग मोजून घेत नसत. रात्री स्वतः यार्डात बॅटरी घेऊन दर पेटीतला एक नग पाहत आणि सकाळी निरोप धाडत, "माल ठीक आहे, पैसे पाठवतो."

मग दुसऱ्या एका देशातून आम्हाला मंजुरी देणाऱ्या युरोपातल्या विभागाकडे तक्रार गेली. आमच्या मंजुरी क्रमांकाचे त्रिकोण तिथल्या तपासणीत सपशेल नापास झाले होते. आमचा कंटेनर बंदरात अडकला, बँकेने हात आखडता घेतला, पगार उशिरा झाले. मंजुरी रद्द का करू नये, असं विचारणारं पत्र आलं. दोन गिऱ्हाइकांनी फोन उचलणं बंद केलं. धंदा त्या पत्राने बुडणार, असंच सगळे धरून चालले होते.

नापास नग हाती आले तेव्हा काकांनी बोलण्याआधी बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर काढलं. त्रिकोणाची बाजू आमच्यापेक्षा जवळजवळ पाऊण मिलिमीटर कमी! अ‍ॅक्रिलिक थंड होताना हजारात चार-सहा भाग आकसतं. आमच्या पिनांमध्ये ती आकस धरलेली असते. कुणीतरी आमचाच तयार नग घेऊन त्यावर निकेल चढवलं होतं, म्हणजे आकसलेल्या नगाची नक्कल पुन्हा आकसली. प्रोजेक्टरवर मोठं करून पाहिलं तर पैलूंच्या कडा बोथट दिसत होत्या. आमचा क्रमांक मात्र टपोरा छापलेला. मोजमापं, लॉटचे जपून ठेवलेले नग, डायचे रेखांकन, सगळं पाठवलं. मंजुरी वाचली. ज्याने नक्कल केली तो अजून माल विकतो, आणि ज्या खात्याने आमच्यावर बोट ठेवलं त्याने आम्ही निर्दोष आहोत असं एका ओळीने कळवलेलं नाही. "फाइल बंद" एवढंच. हे आम्ही विसरलेलो नाही.

त्या काळात बाकी सगळ्यांनी ऑर्डर थांबवल्या, पूर्व आफ्रिकेतल्या त्या ट्रेलरवाल्यांनी थांबवली नाही. उलट आगाऊ रक्कम धाडली.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. विकसनशील देशांनी आपापले निराळे नियम लिहीत बसू नये. दर देशाची निराळी चाचणी म्हणजे आमच्यासारख्या छोट्या कारखान्याचा गळा, आणि त्यातून सुरक्षा तसूभरही वाढत नाही. जिनिव्हाचा शिक्का माना, पण बाजारातून नग उचलून तपासायची प्रयोगशाळाही उभारा. तपासणीशिवाय शिक्का म्हणजे नक्कल करणाऱ्याला आमंत्रण. धुराचंही तेच : धुरावर मर्यादा घालणारा युरो ४ चा नियम लावायचा आणि डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवर, म्हणजे दहा लाखात ५० भागांवर, आणायचं नाही, मग गाडीने काय करावं? २०१५ ते २०१८ मध्ये जगात सुमारे १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या, त्यातल्या जवळपास ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. अशा जुन्या गाड्या घेणाऱ्या देशांचे नियम जुळले नाहीत, तर ज्याचा नियम सगळ्यात ढिला त्याच्या दारात सगळ्यात वाईट गाडी जाणार. आणि धंद्यातल्या नव्या पोरांनो, दर लॉटचे नग तारीख घालून जपा, डायचं रेखांकन कुणाला देऊ नका.

२०१९ मध्ये १९५८ च्या कराराखालचे रिफ्लेक्टरचे जुने नियम एकत्र करून १५० क्रमांकाचा नवा नियम आला. त्यासाठी नवी डाय केली. पिना काकांच्या हाताखाली शिकलेल्या मुलीने घासल्या, काकांनी भिंगातून बघून दोन परत घासायला लावल्या. पहिल्या पेट्या त्याच ट्रेलरवाल्यांना गेल्या आहेत.