सपोज म्हणजे समजा ना, सर?

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या शिकवणीत काल दहावीतल्या पोरीनं वही पुढे केली. 'यू आर सपोज्ड टू कम ॲट सिक्स' आणि खाली तिचं मराठी: 'समजा तुम्ही सहाला आलात.' हसू आलं, पण चूक तिची कुठे? सपोज म्हणजे समजा, हे मीच तर शिकवलं होतं. इथे मात्र अर्थ 'तुम्ही सहाला यायला हवं'. कन्सिडरचंही तेच. अर्जाचा विचार करायचा, मित्राला भाऊ मानायचं, क्रियापद एकच. मला पॉन्डर आवडतं. लॅटिनमधल्या वजनावरून आलंय, पाउंडचं भावंड. म्हणजे मनात तोलून बघणं. हे फुशारकीनं सांगत होतो, तर पोरगी म्हणते, "सर, आपलं वाटणं काय कमी हाय का? मले वाटते, आई चटणी वाटते, अन् दादा पेढे वाटते!"