जी खोली पुस्तकातच नव्हती

निर्लेखन हा शब्द २०२३ च्या जुलैपर्यंत मी ऐकलाही नव्हता. आता झोपेतून उठवून विचारा, त्याचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस पडतो ते सांगेन. शाळेची पडकी खोली सरकारी पुस्तकातून काढून टाकायची, म्हणजे निर्लेखन. ते झाल्याशिवाय खोली पाडता येत नाही, आणि पाडल्याशिवाय त्या जागी नवी बांधता येत नाही. आम्हाला याला दीड वर्ष लागलं. त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच प्रश्नावर गेलं, आणि तो आठवला की अजून डोकं तडकतं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी. मुलं ७४, शिक्षक तीन, खोल्या चार. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. अध्यक्ष कशी झाले तर बैठकीला आले म्हणून. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. आमच्याकडे ती संख्या सह्यांपुरती पुरी व्हायची. मी त्या दिवशी पिठाची गिरणी बंद ठेवून बसले होते, तर सगळे म्हणाले, ताईच होऊ द्या. मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जुलैतल्या एका रविवारी रात्री चौथ्या खोलीच्या स्लॅबचा हातभर पोपडा खाली पडला. सोमवारी पाहिलं तर दुसरीची मुलं बसतात त्याच पट्टीवर ढीग, आणि वर गंजलेले गज उघडे. मुख्याध्यापक गुरुजींनी कुणाला न विचारता त्याच मिनिटाला खोलीला कुलूप घातलं. ते नोकरीला आधी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होते. तिथे निंबोडीच्या शाळेचं छत पडून तीन मुलं गेली, ते ऑगस्ट २०१७ मध्ये. गुरुजी त्याबद्दल बोलत नाहीत, पण किल्ली खिशात ठेवून घरी गेले.

खोली बंद झाली आणि उरल्या तीन. त्यातल्या एकीत कार्यालय, पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि कपाटं. म्हणजे पाच वर्ग दोन खोल्यांत आणि व्हरांड्यात. तिसरीचा पाढा आणि पहिलीचं बडबडगीत एकमेकांत मिसळून काय आवाज व्हायचा ते गिरणीत बसून मला ऐकू यायचं.

प्रस्ताव करणं सोपं गेलं. समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो, मुख्याध्यापकांचं पत्र. ठरावात सूचक आणि अनुमोदकाचं नाव लिहा, नाहीतर तेवढ्यावरून फाईल परत येते. शाखा अभियंता सप्टेंबरात येऊन गेले, हातोडीने दोन ठिकाणी ठोकून पाहिलं, "बसवू नका कुणाला" म्हणाले आणि खोली धोकादायक असल्याचं लिहून दिलं. चांगला माणूस होता. चहाही घेतला नाही.

मला वाटलं झालं. डिसेंबरात फाईल परत आली. वर तांबड्या पेनाने एक ओळ: सदर वर्गखोलीची नोंद स्थावर मालमत्ता नोंदवहीत आढळून येत नाही.

मी गुरुजींना घेऊन तालुक्याला गेले. टेबलावरच्या साहेबांनी जाडजूड वही काढली, आमच्या शाळेचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. खोल्या तीन.

"साहेब, चार आहेत. चौथीच पडायला आलीय."

"ताई, पुस्तकात तीन आहेत. जी खोली पुस्तकात नाही ती पुस्तकातून काढू कशी?"

मी म्हटलं, मग पुस्तकात नसेल तर तुमची नाहीच, आम्ही आमची पाडतो. ते शांतपणे म्हणाले, "शासकीय इमारत विनापरवानगी पाडली तर गुन्हा दाखल होईल." म्हणजे पाडायची म्हटलं की ती शासकीय, आणि काढायची म्हटलं की ती नाहीच.

बरं, म्हटलं, तुमच्या हिशोबाने आमच्याकडे तीनच खोल्या आहेत ना, मग एक नवीन द्या. तर पलीकडच्या टेबलावरून उत्तर आलं की यूडायसमध्ये तुमच्या चार खोल्या दिसतात, शिक्षक तीन, प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली आणि वर कार्यालयाला एक, निकष पूर्ण होतो. यूडायस म्हणजे शाळेची दरवर्षी ऑनलाइन भरायची माहिती, प्रत्येक शाळेला त्यात अकरा आकडी क्रमांक असतो. ती गुरुजीच भरतात. त्यांनी प्रामाणिकपणे चार भरल्या होत्या.

दोन टेबलांत अंतर असेल सहा फूट. एकावर खोली होती, एकावर नव्हती. मी मधे उभी राहून दोघांना म्हटलं, तुम्ही दोघं एकमेकांशी बोला ना. दोघंही हसले. त्या हसण्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

यानंतर मी सात वेळा गेले. दोनदा साहेब बैठकीला, एकदा रजेवर, एकदा जिल्ह्याला. एकदा सापडले तर म्हणाले, वरून मार्गदर्शन मागवलंय. मार्गदर्शन मागवलेलं पत्र दाखवा म्हटलं तर ते टंकलेखनाला होतं. आमच्या जिल्हा परिषदेवर तेव्हा २०२२ पासून प्रशासक होता, त्यामुळे जाऊन गाऱ्हाणं घालावं असा सदस्यही नव्हता. आधी सदस्याला नावं ठेवायचो, पण निदान त्याच्या फोनला साहेब उचलून बोलायचे.

इथे एक सांगून ठेवते, विसरेन नाहीतर. कोणताही कागद देताना आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पहिल्या तीन वेळा मी नुसती दिली आणि आले. चौथ्या वेळी "तुमचा अर्ज आलाच नाही" ऐकल्यावर शहाणी झाले.

फेब्रुवारीत माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, महाराष्ट्रात तसा नियम आहे. मी एवढंच मागितलं: आमच्या शाळेच्या इमारतींच्या नोंदीची प्रत, आणि चौथ्या खोलीबाबत आजवर झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत. तक्रार लिहू नका त्यात, "का" विचारू नका, फक्त कागद मागा. मुदत तीस दिवसांची असते, उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. नोंद तीन खोल्यांची. पत्रव्यवहार निरंक. म्हणजे मार्गदर्शन कुणी मागवलंच नव्हतं.

ते पत्र घेऊन मी निघणार तर १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. पडक्या खोलीचं आणि मतदानाचं काय नातं ते मला कुणी समजावून सांगेल काय? पण जूनपर्यंत प्रत्येक टेबलावर एकच शब्द.

जूनमध्ये शाळा भरली ती नव्या शनिवारासह. २०२४-२५ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आला. दप्तर नाही, त्याऐवजी योग, खेळ, रस्त्यावर चालायचे नियम, रोजचे पैशाचे व्यवहार, आपत्ती व्यवस्थापन असं काही काही. मुलं खूश. आमच्या मॅडम तर लेझीम काढून बसल्या. पण पाऊस सुरू झाला आणि ७४ मुलांना एकत्र बसवायला जागा कुठे? मारुतीच्या देवळाचा सभामंडप. ज्याने कुणी ठरवलं त्याच्या डोक्यात आलं नसणार की शनिवार हा मारुतीचाच वार. इकडे मुलं डोळे मिटून श्वास आत घेतायत, तिकडे तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या पानांचे हार घेऊन निम्मं गाव रांगेत. मॅडम म्हणतात "मनात शांतता आणा" आणि टण्णकन् घंटा. शेवटी गुरवकाकांनी तोडगा काढला, साडेनऊपर्यंत घंटा वाजवायची नाही. म्हाताऱ्या चिडल्या, पण थांबल्या.

आपत्ती व्यवस्थापनाच्या शनिवारी मॅडमनी पाचवीकडून शाळेचा नकाशा काढून घेतला, आग लागली किंवा भूकंप झाला तर कुठून पळायचं तो. मुलांनी टेपने मापं घेतली, चारही खोल्या काढल्या आणि चौथी लाल रंगवली. मी त्याचा फोटो अर्जाला जोडला. साहेब म्हणाले, "हे कागदपत्र होत नाही." माझ्या मते त्या फाईलमधलं एकमेव खरं कागदपत्र तेच होतं.

गाठ सुटली ती अचानक, आणि त्यात माझी हुशारी अर्धीच. गावात राहिलेले एक निवृत्त गुरुजी गिरणीवर ज्वारी दळायला आले होते. मी नेहमीसारखी खोलीची कथा सुरू केली तर म्हणाले, अगं, ती जिल्हा परिषदेने बांधलीच नाही. ती जवाहर रोजगार योजनेतून ग्रामपंचायतीने बांधली, मी होतो तेव्हा. शेरेबुक बघ.

दळण तसंच ठेवून आम्ही शाळेत गेलो. शेरेबुक म्हणजे तपासणीला येणारे अधिकारी शेरा लिहून जातात ती वही. शाळेच्या कपाटात १९७१ पासूनची होती, तांदळाच्या पोत्यांमागे. जानेवारी १९९३ च्या पानावर विस्तार अधिकाऱ्यांची सही आणि ओळ: "ग्रामपंचायतीने नवीन बांधलेल्या खोलीत इ. ३ री बसविली आहे. खोली प्रशस्त व हवेशीर." हवेशीर तर ती अजूनही होती, वरूनसुद्धा.

मग ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी दोन दिवस धूळ खाल्ली आणि त्यांच्या मालमत्तेच्या जुन्या वहीत खोली सापडली. मालक ग्रामपंचायत. तीस वर्षं मुलं जिल्हा परिषदेची, मास्तर जिल्हा परिषदेचे, आणि त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब ग्रामपंचायतीचा.

तुमच्याही शाळेत अशी खोली असेल तर आधी हे बघा, आम्ही शेवटी बघितलं. खोली कुणी बांधली? आमदार निधी, लोकवर्गणी, रोजगार योजना, एखादी संस्था. बांधून झाल्यावर ती जिल्हा परिषदेच्या नावावर चढली का? पंधरा मिनिटांचं काम आहे. आमचं वर्ष गेलं.

मला वाटलं आता ग्रामपंचायतच पाडून टाकेल. तसंही नाही, कारण शाळेच्या आवारातली खोली आणि पुढे नवी मागायची ती जिल्हा परिषदेकडे. साहेबांनी सुचवलेला मार्ग ऐकून मी खुर्चीवर बसलेच. ग्रामपंचायतीने ठराव करून खोली जिल्हा परिषदेला हस्तांतरित करायची. जिल्हा परिषदेने ती नोंदवहीत घ्यायची. आणि मग तीच खोली निर्लेखनाला घ्यायची.

"म्हणजे आधी जन्माची नोंद आणि लगेच मयताची?"

"तसंच समजा."

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. एका आजोबांनी विचारलं, पडकी खोली भेट देताय, त्यांनी घेतली नाही तर? सगळे हसले, मी नाही हसले, मला ती शक्यता खरी वाटत होती. पण घेतली. सप्टेंबरात वहीत चौथी ओळ चढली, मी फोटो काढून घेतला. अभियंत्यांचा दाखला वर्षभर जुना झाला म्हणून परत तपासणी, परत हातोडी. या वेळी चहा घेतला. ऑक्टोबरात फाईल जिल्ह्याला गेली आणि चारच दिवसांत विधानसभेची आचारसंहिता. मी गिरणीत मोठ्याने शिवी दिली, गिऱ्हाईक दचकलं.

मंजुरी जानेवारी २०२५ मध्ये आली. लिलाव, पाडकाम, नवीन खोलीचा प्रस्ताव, जिल्हा वार्षिक योजनेतून निधी, ठेकेदार, पाया, हे सगळं होत गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. हां, लिलावात गज आणि चौकटी शेजारच्या गावच्या माणसाने घेतल्या. आणि पाडलेली खोली यूडायसमधून कमी करायला विसरू नका, माहिती ३० सप्टेंबरची धरतात. आमची राहिली असती तर पुन्हा "चार आहेत की तुमच्याकडे" ऐकावं लागलं असतं.

नवी खोली यंदा मुलांच्या ताब्यात आली. शनिवारची लेझीम अजून देवळासमोरच होते, आता मुलांनाच ते आवडतं आणि म्हाताऱ्यांनाही सवय झाली. श्वासाचं तेवढं खोलीत होतं, घंटेशिवाय.

ताबा घेतला त्याच आठवड्यात मी तालुक्याला गेले. त्याच साहेबांनी तीच वही काढली. नवीन खोलीचा क्रमांक काय लिहू, म्हणाले. मी म्हटलं चार. ते म्हणाले, चार निर्लेखित आहे, तो परत वापरता येत नाही, पाच लिहावा लागेल. मी म्हटलं, शाळेत खोल्या चारच आहेत. ते माझ्याकडे बघत राहिले आणि या वेळी त्यांना हसू आलं तर मला राग आला नाही.

"पाच लिहा," मी म्हटलं. "पण आत्ता लिहा, मी इथे बसलेय."