दोन बांगड्यांमधला पडदा : एम.एस्सी. प्रकल्पाचा माझा अनुभव

एम.एस्सी. गणिताच्या प्रकल्पासाठी मी कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स, म्हणजे सर्वांत लहान किंवा मोठे माप देणारा वक्र वा पृष्ठभाग शोधण्याचे गणित, घेतले. मंजुरी, टंकलेखन, बांधणी ही कामे सोलापुरात आठवड्याभरात उरकली. त्याआधी मात्र दोन महिने मी एकाच पानावर अडकलो होतो आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

समान त्रिज्येच्या दोन समांतर कड्यांना जोडणारा सर्वांत कमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग कोणता, हा माझा प्रश्न होता. टांगलेल्या साखळीचा वक्र, म्हणजे कॅटेनरी, कड्यांचे मध्य जोडणाऱ्या अक्षाभोवती फिरवून तो मिळतो, हे गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्येच दाखवले. आमच्या नोट्स तेवढे सांगून थांबत. मी आकडे घालून पाहिले, तेव्हा कडी जवळ असताना दोन कॅटेनरी निघाल्या, एक उथळ आणि एक खोल, आणि कडी फार लांब नेल्यावर एकही निघेना. दोन्ही वक्र ऑयलर-लाग्रांज समीकरणात, म्हणजे लघुतम वक्राने पाळायलाच हव्या अशा अटीत, चोख बसत होते. मग खरा कोणता? सेकंड व्हेरिएशनची, म्हणजे वक्र किंचित हलवल्यावर क्षेत्रफळ वाढते की घटते हे तपासणारी, आकडेमोड करून मी वही भरवली, पण काही हाती लागले नाही.

शेवटी आकृतीने सोडवले. कॅटेनरीच्या दोन्ही टोकांना स्पर्शिका काढाव्यात. त्या अक्षापर्यंत पोचण्याआधीच एकमेकींना छेदत असतील तर वक्र उथळ, म्हणून पृष्ठभाग टिकणारा. अक्ष ओलांडून पलीकडे छेदत असतील तर तो खोल, टिकत नाही. छेद नेमका अक्षावर आला, की ती दोन टोके गणितज्ञ याकोबीच्या भाषेत कॉन्ज्युगेट, म्हणजे टिकण्या-न टिकण्याच्या सीमेवर, आली. ही गणितज्ञ लिंडेलॉफची रचना. दोन महिन्यांचे काम पट्टीने पाच मिनिटांत झाले, याचा आनंद मला आजही शब्दांत सांगता येत नाही.

पडताळा नवी पेठेतून आणलेल्या दोन-सहा मापाच्या पितळी बांगड्यांवर घेतला. आतला व्यास सुमारे ६० मिलीमीटर, म्हणून गणिताप्रमाणे दोन बांगड्यांमधला साबणाच्या पाण्याचा पडदा, जो आपोआप कमी क्षेत्रफळाचा आकार घेतो, चार सेंटीमीटर अंतरापर्यंतच ताणला जायला हवा. साबणाच्या पाण्यात ग्लिसरीन घालाच. आपल्याकडच्या एप्रिलात नुसता पडदा हात हलवेपर्यंत सुकतो. बांगड्याही आधी ओल्या कराव्यात, हे मला उशिरा सुचले. चार सेंटीमीटरच्या जरा अलीकडे पडदा कमरेत आवळला, तुटला आणि प्रत्येक बांगडीत एकेक सपाट चकती उरली.

तोंडी परीक्षेसाठी एवढे पाठ ठेवा : याच बांगड्यांत ३.२ सेंटीमीटरपासूनच दोन चकत्यांचे एकूण क्षेत्रफळ पडद्यापेक्षा कमी भरते, तरीही पडदा तुटत नाही, कारण तो आसपासच्या आकारांपुरता लघुतम असतो. मला पहिला प्रश्न हाच आला.