पासीचं टपाल, आधी लंडनला

पॅरिस मेट्रोच्या सहा नंबर लाइनने बीर-हाकेम पुलावरून सेन नदी ओलांडली की लगेच पासी स्टेशन येतं. डब्यातले सगळे आयफेल टॉवरचा फोटो काढण्यात गुंग असतात, त्यामुळे दाराशी वाट काढतच उतरावं लागतं. मी इथं उतरलो ते बेंजामिन फ्रँकलिनच्या टपालाच्या मागावर. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सची मदत मिळवायला आलेला हा वकील, म्हणजे राजदूत, १७७७ ते १७८५ पासीत राहिला. तेव्हा हे पॅरिसच्या वेशीबाहेरचं गाव होतं, व्हर्सायच्या वाटेवरचं. शहरात ते १८६० मध्ये सामील झालं.

रु रेनुआर आणि रु सँजे जिथं मिळतात तिथल्या कोपऱ्यावर पाटी आहे. (फक्त पाटीच बघायची असेल तर नऊ नंबर लाइनचं ला म्युएत स्टेशन जवळ पडतं.) ओतेल द व्हॅलांतिन्वा हा मूळ वाडा आता नाही. तो ले रे द शोमाँ या बड्या व्यापाऱ्याचा होता आणि त्यातल्या एका भागात फ्रँकलिनचं बिऱ्हाड होतं. फ्रान्समधला पहिला लाइटनिंग रॉड त्याने इथं बसवला हे पाटी सांगते, टपालाबद्दल चकार शब्द नाही. आणि या घराचा खरा उद्योग तर टपालाचाच होता.

महत्त्वाच्या पत्राच्या तीन-चार प्रती काढायच्या आणि त्या नांत, ब्रेस्त, ल हाव्र अशा वेगवेगळ्या बंदरांतून वेगवेगळ्या जहाजांवर चढवायच्या, ही रीत होती. नकला उतरवायला नातू टेंपल होता. इंग्रजांनी जहाज गाठलंच तर थैली समुद्रात टाकायची, म्हणून तिच्यात वजन घालावं लागे. ते नीट घातलं नाही तर काय होतं, हे हेन्री लॉरेन्सने दाखवलं. हॉलंडकडे निघालेला हा वकील सप्टेंबर १७८० मध्ये न्यू फाउंडलंडजवळ पकडला गेला. त्याने थैली फेकली, पण वजन कमी पडलं आणि ती तरंगत राहिली. इंग्रज खलाशांनी ती आकड्याने ओढून घेतली. आत डच व्यापाऱ्यांशी ठरवलेल्या तहाचा मसुदा होता. डिसेंबरात ब्रिटनने हॉलंडशी युद्ध पुकारलं, त्याला निमित्त म्हणून हा कागद आयताच सापडला. लॉरेन्स टॉवर ऑफ लंडनमध्ये जाऊन पडला.

लॉरेन्सच्या आधीचा फोल्जरचा किस्सा तर आणखी लाजिरवाणा. ऑक्टोबर १७७७ मध्ये कॅप्टन फोल्जर फ्रँकलिनच्या मंडळींचा काही महिन्यांचा साठलेला पत्रव्यवहार घेऊन फ्रान्समधून अमेरिकेला निघाला. जानेवारीत त्याने काँग्रेसपुढे, म्हणजे बंडखोर अमेरिकन वसाहतींच्या मध्यवर्ती सभेपुढे, पाकीट ठेवलं, तर आत नुसते कोरे कागद. हिन्सन नावाचा अमेरिकन कप्तान इंग्रजांना विकला गेला होता. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच त्याने पत्रं काढून घेऊन कोरे कागद भरले होते.

मग सांकेतिक लिपी कशाला होत्या? होत्या, पण त्यांनी शत्रूपेक्षा आपल्याच माणसाला जास्त छळलं. काँग्रेसच्या परराष्ट्र समितीतला जेम्स लव्हेल युरोपातल्या जॉन अ‍ॅडम्स या दुसऱ्या अमेरिकन वकिलाला जी लिपी वापरून लिहायचा, ती कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. १ ते २७ आकडे उभे लिहा. शेजारी इंग्रजी मुळाक्षरं, शेवटी सत्ताविसावं 'अँड'चं चिन्ह, पण सुरुवात 'सी'पासून. 'अँड' झालं की 'ए', 'बी'. त्याच्या शेजारी तशीच दुसरी ओळ, 'आर'पासून सुरू होणारी. शब्दाचं पहिलं अक्षर पहिल्या ओळीत शोधायचं, दुसरं दुसऱ्या, तिसरं पुन्हा पहिल्या. 'पॅरिस' हे नाव इंग्रजी स्पेलिंगने असं होतं : १४, ११, १६, १९, १७. उलगडताना एक आकडा गाळला किंवा भलत्या ओळीपासून सुरुवात केली की पुढचा सगळा मजकूर म्हणजे निव्वळ कचरा. शिवाय 'सी' आणि 'आर' ही किल्लीही लव्हेलने सरळ सांगितली नाही. काँग्रेसला निघायच्या आदल्या संध्याकाळी आपण ज्या कुटुंबाकडे होतो त्याचं आडनाव आठव, त्यातली पहिली दोन अक्षरं घे, असं कळवलं. कुटुंब क्रँच, म्हणजे अ‍ॅडम्सची बायको अ‍ॅबिगेल हिच्या बहिणीचं. इतकं करूनही अ‍ॅडम्सला ही लिपी कधी धड जमली नाही, आणि मला त्यात त्याचा दोष वाटत नाही.

तसंही लिपी वापरून फार काही साधणार नव्हतं, कारण गळती घरातच होती. एडवर्ड बँक्रॉफ्ट हा फ्रँकलिनच्या मंडळींचा विश्वासू आणि इंग्रजांचा पगारी हेर. त्याच्या वाटेने जायचं तर मेट्रोने कॉन्कॉर्दला या आणि त्युइलरी बागेच्या नदीकाठच्या दक्षिण गच्चीवर चढा. वरवर प्रेमपत्र, ओळींच्या मधल्या जागेत अदृश्य शाईने बातम्या, असं पत्र बाटलीत घालून बाटली सील करायची. तिच्या गळ्याला साधारण हातभर सुतळी, सुतळीचं दुसरं टोक लाकडी खुंटीला. बाटली ठरलेल्या झाडाखाली सारायची, खुंटी पश्चिमेच्या बाजूला जमिनीत रोवायची. खुंटीच्या माथ्याला चीर देऊन कार्डाचा बारीक कपटा खोचायचा, म्हणजे नेणाऱ्याला अंधारात सापडावी. दर मंगळवारी रात्री साडेनऊनंतर ब्रिटिश वकिलातीचा माणूस ती घेऊन जाई. हिवाळ्यात आज बाग त्याआधीच बंद होते, तेव्हा ही वेळ साधायची तर उन्हाळ्यातच यावं.

बागेतून बाहेर पडलात की समोर कॉन्कॉर्द चौकात रु रोयालच्या कोपऱ्यावर ओतेल द क्वास्लॅं आहे. ६ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्स-अमेरिका तह इथं झाला. तशी पाटी भिंतीवर आहे. बातमी दोन दिवसांच्या आत लंडनला गेली. तहाचा कागद घेऊन निघालेला सिमियन डीन काँग्रेसपुढे पोचला २ मे रोजी, यॉर्क गावात, कारण फिलाडेल्फिया तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. म्हणजे पंचाऐंशी दिवस!

याच सुमारास सेंट-ल्युबिन हा फ्रेंच गृहस्थ पुण्यात नाना फडणवीसांशी बोलणी करत होता आणि त्यामुळे इंग्रज बेचैन होते. फ्रान्सशी युद्ध जुंपल्याची खबर इजिप्तमार्गे कलकत्त्याला जुलै १७७८ मध्ये लागली आणि त्याच महिन्यात इंग्रजांनी बंगालमधली फ्रेंच वसाहत चंद्रनगर घेतली.

नदी ओलांडून सँ-जेर्मँ-दे-प्रेला या. रु जाकोब ५६, तेव्हाचं ओतेल द यॉर्क. ३ सप्टेंबर १७८३ चा ब्रिटन-अमेरिका शांतता तह इथं झाला, कारण ब्रिटिश वकील हार्टली व्हर्सायला यायला तयार नव्हता. गल्ली अरुंद आहे, पाटी वाचायला समोरच्या फुटपाथवर उभं राहा. फ्रेंचांना विचारूनच पावलं टाका, असा काँग्रेसचा १७८१ चा हुकूम होता. तरी फ्रँकलिन, अ‍ॅडम्स आणि तिसरा वकील जॉन जे यांनी नोव्हेंबर १७८२ मध्ये प्राथमिक कलमं फ्रेंच मंत्री व्हेर्झेनला न सांगता ठरवून टाकली. हुकूम बदलून मागायचा तर जाऊन-येऊन चार-पाच महिने सहज जायचे.

मूळ कागद बघायचे असतील तर फ्रेंच परराष्ट्र खात्याचं दप्तर ला कुर्नव्ह इथं आहे, आर-ई-आर बी लाइनवर. आगाऊ नोंदणी करा, पासपोर्ट न्या, लिहायला पेन्सिल ठेवा. घरबसल्या वाचायचं तर फ्रँकलिन आणि अ‍ॅडम्स दोघांची पत्रं 'फाउंडर्स ऑनलाइन'वर फुकट आहेत. वाचताना पत्राच्या तारखेवर थांबू नका. 'तुमचं अमुक तारखेचं मिळालं' हे वाक्य उत्तरात शोधा, दोन्ही तारखांमधलं अंतर मोजा आणि मगच त्या वकिलाने तो निर्णय का घेतला याचा विचार करा.