मधले वीस सेंटिमीटर

जेवणाचं टेबल सजवतात तेव्हा त्यावर जेवण नसतं, आणि सगळी फसगत तिथेच होते. मध्यभागी फुलं, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, ताटल्यांवर नेटकी घडी घातलेले रुमाल. फोटोत झकास दिसतं. मग स्वयंपाकघरातून पहिलं भांडं बाहेर येतं. ते धरून आलेला माणूस चटके सोसत टेबलाशी उभा राहतो, जागा शोधतो, आणि कुणीतरी घाईघाईने फुलदाणी उचलून फ्रिजवर नेऊन ठेवतं. तासाभराची सजावट उरलेला वेळ फ्रिजवर बसून काढते.

दोष हौसेचा नसतो, मोजपट्टीचा असतो. घरातलं आयताकृती टेबल साधारण 90 सेंटिमीटर रुंद असतं. एका माणसाला मोकळेपणाने जेवायला काठालगत 60 सेंटिमीटर रुंदी आणि आत 35 सेंटिमीटर खोली लागते. समोरासमोर दोघं बसले की 70 सेंटिमीटर संपले. मधे उरले 20. वाढायचं मध्यम भांडंच 20 ते 25 सेंटिमीटर व्यासाचं असतं! या चिंचोळ्या पट्टीवर भांडी, पाण्याचा जग, मिठाची बाटली, आणि शिवाय आपली सौंदर्यदृष्टी, असे सगळे हक्क सांगत असतात. नवं टेबल घ्यायचंच असेल तर 100 ते 105 सेंटिमीटर रुंदीचं बघावं. कागदावर दहा-पंधराच सेंटिमीटरचा फरक दिसतो, पण मधली पट्टी दीडपट किंवा त्याहून मोठी होते. फार रुंद टेबलाचं दुखणं मात्र वेगळं असतं. समोरच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो.

गोल टेबलाचा हिशेब अधिक गमतीचा आहे. 120 सेंटिमीटर व्यासाच्या टेबलाचा परीघ सुमारे 377 सेंटिमीटर, म्हणजे सहा जणांना प्रत्येकी 62-63. काठाशी ऐसपैस वाटतं, पण आत जावं तसतशी जागा पाचरीसारखी निमुळती होते. त्यामुळे ताटलीखालच्या 45 सेंटिमीटर रुंदीच्या आयताकृती मॅट तिथे ठेवल्या की त्यांचे आतले कोपरे एकमेकांवर चढतात, आणि कितीही सारखं केलं तरी टेबल विस्कटलेलंच दिसतं. अशा टेबलाला गोल मॅट हव्यात. 38 सेंटिमीटर व्यासाच्या सहा मॅट काठापासून दोन सेंटिमीटर आत ठेवल्या तर अगदी एकमेकींना खेटून, पण बसतात. मधे 40 सेंटिमीटरचं वर्तुळ उरतं. आयताकृती टेबलाच्या मानाने ही श्रीमंतीच.

म्हणून सजवण्याचा क्रम उलटा धरावा. आधी खुर्च्या लावाव्यात, कारण खुर्चीचा पाय टेबलाच्या पायाला अडतो हे ताटल्या मांडून झाल्यावर कळून उपयोग नसतो. प्रत्येक खुर्चीच्या मध्यासमोर ताटली ठेवावी, काठापासून दोन सेंटिमीटर आत. ताटलीच्या उजव्या हाताला वरच्या बाजूला पेला. मग वाढायची भांडी रिकामीच आणून, झाकण आणि डावासकट मांडून बघावीत. डाव विसरायचा नाही, कारण भांड्याबाहेर आलेला त्याचा दांडा निम्म्या भांड्याएवढी जागा खातो. या रंगीत तालमीनंतर जे मोकळं उरेल ते सजावटीचं. काहीच उरलं नाही तर तेही वेळेवर कळलेलं बरं. मग भांडी शेजारच्या छोट्या टेबलावर किंवा कपाटावर ठेवायची, की सजावट एका लांबट ट्रेमध्ये करून वाढण्याआधी एका झटक्यात उचलायची, हे शांतपणे ठरवता येतं. ट्रेचा मार्ग जास्त सोयीचा. पाहुणे येतात तेव्हा टेबल सजलेलं दिसतं, बसतात तेव्हा मोकळं होतं.

टेबलक्लॉथचं गणित सोपं, पण चुकतं हमखास. टेबलाची उंची सुमारे 75 सेंटिमीटर आणि खुर्चीच्या बैठकीची 45, म्हणजे मधलं अंतर 30. कापड काठावरून त्याहून खाली लोंबलं की ते बसणाऱ्याच्या मांडीवर येतं. उठताना तो कापड ओढतो आणि पेले नाचतात. 20 ते 25 सेंटिमीटर झूल डोळ्याला पुरेशी वाटते आणि मांडीलाही त्रास देत नाही. 180 बाय 90 च्या टेबलाला दोन्हीकडे 20 धरून 220 बाय 130 चं कापड झालं. हे शिवून झाल्यावरचं माप. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. 220 मधले 11 सेंटिमीटर गेले की 20 ची झूल 15 च्याही खाली येते, आणि कापड आखूड झालेल्या पॅन्टसारखं दिसू लागतं. म्हणून आधी धुवावं, मग कापावं आणि शिवावं. गोल टेबलावर चौकोनी कापड टाकायचं असेल तर कोपरे किती खाली येतील तेवढं पाहावं. 120 च्या टेबलावर 140 चा चौकोन टाकला तर बाजूंना 10 सेंटिमीटर झूल येते आणि कोपऱ्यांना जवळजवळ 39. दिसायला छान दिसतं, पण खुर्च्या त्या कोपऱ्यांपासून दूर ठेवाव्या लागतात.

कापडाखाली जाडसर फ्लॅनेलचा किंवा फेल्टचा थर घातला तर फरक कानांना कळतो. भांडं ठेवल्याचा ठक्क आवाज मऊ होतो, कापड सरकत नाही आणि लाकडाला थेट आच लागत नाही. तरीही गरम भांड्याखाली जाड आसन हवंच. पॉलिश केलेल्या लाकडावर उठणारा पांढरा धब्बा म्हणजे बहुधा उष्णतेने पॉलिशच्या थरात शिरलेली ओल असते. त्या भीतीने कायमचं पारदर्शक प्लास्टिक घालून ठेवणारी घरं पुष्कळ. पण अशा मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधला मऊपणा आणणारा घटक हळूहळू पॉलिशमध्ये उतरतो आणि उष्णतेत ते प्लास्टिक टेबलालाच चिकटून बसतं. राखायला गेलेलं लाकूड असं राखणदाराच्याच हातून जातं.

घडीच्या चुण्या ही सगळ्यांत स्वस्तात सुटणारी अडचण, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. इस्त्री करून घडी घातलेलं कापड पसरलं की चौकटीच्या रेघा उमटतातच. आदल्या रात्री कापड टेबलावर टाकून रेघांवर पाण्याचा हलका फवारा मारावा आणि हाताने ताणून सोडून द्यावं. सुती कापड सकाळपर्यंत बऱ्यापैकी ताळ्यावर येतं. पुढच्या वेळेसाठी घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवलं की हा उद्योगच संपतो.

पूर्ण कापड नको असेल तर रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध लांबीने टाकायची कापडी पट्टी. रुंदी टेबलाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश, टोकांना पंधराएक सेंटिमीटर झूल. पण 90 च्या टेबलावर 30 चा रनर आणि दोन्हीकडे 35 ची मॅट म्हणजे बेरीज 100. मॅट रनरवर चढणार आणि त्या उंचवट्यावर पेला डुगडुगणार. एक तर रनर किंवा मॅट, दोन्हींचा मोह आवरावा. त्यापेक्षा रनर आडवे टाकून बघा. 40 सेंटिमीटर रुंद आणि 120 लांब पट्टी समोरासमोरच्या दोघांची मिळून एक मॅट होते. अशा तीन पट्ट्यांत सहा जण बसतात, टेबलाची मधली जागा दर थोड्या अंतराने मोकळी राहते, आणि टेबल एकदम नव्याने मांडल्यासारखं वाटतं.

रंगांबाबत मोठमोठे नियम सांगितले जातात. त्यातला एकच कामाचा: नक्षी एकाच ठिकाणी असावी. ताटल्या नक्षीच्या असतील तर कापड साधं, कापड नक्षीचं असेल तर ताटल्या साध्या. गडद कापडावर डाग लपतात पण धागे आणि पांढरे कण चमकतात. पांढरं कापड सगळं उघड करतं, पण त्याला गरम पाणी आणि कडक धुलाई सोसते. साध्या पांढऱ्या ताटल्या कंटाळवाण्या म्हणून लोक टाळतात, मात्र त्यांच्यावर पदार्थाचा रंग जितका खुलतो तितका दुसऱ्या कशावर क्वचितच खुलतो.

रुमाल 40 ते 50 सेंटिमीटरचे चौकोनी, सुती किंवा लिननचे. पॉलिस्टरचा रुमाल चुरगळत नाही, पण पुसतही नाही, नुसता ओल इकडून तिकडे फिरवतो. नवा सुती रुमाल एक-दोनदा धुतल्याशिवाय पाणी नीट टिपत नाही. खळ कडक केली तर घडी सुरेख उभी राहते आणि ओठ सोलतात. कापड मऊ करणारं द्रावण धुण्यात घातलं की टिपण्याची ताकद कमी होते. हंस, कमळ, पंखा असल्या घड्यांवर फार वेळ घालवू नये. कुणीतरी बराच वेळ हाताळलेल्या कापडाने तोंड पुसायचंय हे बसणाऱ्याला जाणवतं. तीनदा दुमडलेली लांबट घडी डाव्या बाजूला ठेवली की पुरे. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे पात्याची धार ताटलीकडे करून, चमचा तिच्या उजवीकडे. जे लागणारच नाही ते शोभेला मांडू नये.

आता फुलं. इथे मात्र थोडं रेंगाळायला हवं.

बसलेल्या माणसाचे डोळे टेबलापासून अंदाजे 45 सेंटिमीटर वर असतात. फुलांचा गुच्छ नेमका त्या उंचीला आला की समोरासमोरची माणसं पानांतून डोकावत बोलतात. म्हणून रचना 25-30 सेंटिमीटरच्या आत ठेवावी. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरला की मनगट येतं तिथपर्यंत. उंचच हवी असेल तर काचेची बारीक मान आणि फुलं 60 च्या वर, म्हणजे नजर खालून जाते. उभं राहून सजवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. दोन-तीन खुर्च्यांवर स्वतः बसून बघणं हाच उपाय. लांब टेबलावर मधोमध एक भलामोठा गुच्छ ठेवला तर तो मधल्या दोघांचा होतो, टोकांच्या वाट्याला काही येत नाही. त्यापेक्षा तीन किंवा पाच छोट्या बाटल्या, उंची कमीजास्त, अंतरंही मोजून सारखी न केलेली. छोट्या बाटल्यांचा आणखी एक फायदा: भांडं आलं की एक बोट लावून सरकवता येतात.

पसरट भांड्यात फुलं उभी राहत नाहीत ही नेहमीची तक्रार. भांड्याच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावून दोन-अडीच सेंटिमीटरच्या खिडक्या कराव्यात आणि एकेका खिडकीत एकेक देठ. काठ आधी कोरडा पुसलेला हवा, नाहीतर पट्टी पहिल्याच देठाबरोबर सुटते. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाकायची. ती कुजतात, जंतू वाढतात, देठाच्या नळ्या तुंबतात आणि भरल्या पाण्यात फूल मान टाकतं. दोन दिवसांनी पाणी बदलताना देठ सेंटिमीटरभर तिरका कापला की फूल पुन्हा पाणी ओढू लागतं. मांडण्यापूर्वी गुच्छ उलटा धरून हलकेच झटकावा. मुंग्या जेवणाआधी पडलेल्या बऱ्या.

सुगंधाची हौस इथे नको. निशिगंध, लिली यांचा वास जेवणाच्या वासाशी भांडतो आणि बहुधा जिंकतो. लिलीचे परागकोश उमलताच चिमटीने काढून टाकावेत. पराग कापडावर पडलेच तर ओल्या फडक्याने पुसू नयेत, डाग मुरतो. चिकटपट्टी अलगद टेकवून उचलावेत. कण्हेर दिसायला कितीही देखणी असली तरी तिचे सगळे भाग विषारी आहेत. अन्नाशेजारी तिचं काम नाही. फळांची परडी आणि फुलं शेजारी ठेवण्याची पद्धत चित्रांत फार दिसते. प्रत्यक्षात पिकणारी केळी, सफरचंदं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने फुलं लवकर कोमेजतात. कार्नेशन तर पाकळ्या मिटूनच घेते. पाहुणे जाईपर्यंत दोन्ही एकत्र राहिली तर काही बिघडत नाही, रात्रभर मात्र वेगळी ठेवावीत.

एवढं सगळं करूनही टेबल थंडगार दिसत असेल तर मान वर करून दिवा बघावा. भिंतीवरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटकडे पाठ करून बसणाऱ्याची सावली त्याच्याच ताटलीत पडते. 6500 केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) निळसर उजेडात लालसर, तपकिरी पदार्थ मलूल दिसतात, माणसंही. 2700 ते 3000 केल्व्हिनचा पिवळसर दिवा टेबलाच्या मध्यावर, पृष्ठभागापासून 75 ते 85 सेंटिमीटर वर लोंबता असावा. त्याहून खाली आला तर समोरच्याचं कपाळ झाकतो, फार वर गेला तर डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि सगळे थकलेले दिसतात. शेडच्या कडेखालून बल्ब डोळ्यांत घुसत नाही ना, हे बसूनच तपासायचं. दिवा घेताना रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक (CRI) 90 च्या वर आहे का, तेवढं खोक्यावर वाचावं.

मेणबत्त्या असल्या तर बिनवासाच्या. वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावी, म्हणजे काजळी कमी. पंखा चालू असेल तर काचेच्या चिमणीशिवाय लावू नये, ज्योत एका बाजूला झुकते आणि मेण त्याच बाजूने ओघळतं. ओघळलेलं मेण गरम असताना खरवडलं तर आणखी पसरतं. बर्फाने कडक करून उचलावं, मग उरलेल्या डागाच्या खाली-वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. मेण कागदात उतरतं.

रोजच्या टेबलाला यातलं फारसं काही लागत नाही. त्याचा शत्रू वेगळा असतो: किल्ल्या, चार्जर, औषधांच्या पट्ट्या, आलेली बिलं, घडी व्हायची राहिलेले कपडे. सपाट जागा दिसली की घरातल्या वस्तू तिथे वस्तीला येतात. मीठ, मिरपूड, रुमाल आणि एक छोटी बाटलीभर हिरवी पानं 20 बाय 30 च्या ट्रेमध्ये बसवून ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवला की बाकीच्यांना पाय ठेवायला संकोच वाटतो, आणि पुसायच्या वेळी एक ट्रे उचलला की काम झालं. रुमाल मात्र माणसांपेक्षा दोन जास्त धुऊन ठेवावेत. एक हमखास खाली पडतो, आणि दुसऱ्याने कुणीतरी सांडलेलं पाणी टिपतं.